केसपेपरवरचा पत्ता

प्रश्न : ताई, माझा मोठा भाऊ ३४ वर्षांचा आहे. आठ वर्षांपूर्वी सोलापूरच्या एका खासगी डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया आहे म्हणून सांगितलं. गोळ्या चालू असल्या की तो शेतात पाणी धरतो, जनावरांचं बघतो. यंदा सोयाबीनचे पैसे हातात आले नाहीत, महिन्याच्या दीड-दोन हजारांच्या गोळ्या सुटल्या. आता रात्र रात्र जागतो. शेजारी करणी करतात म्हणतो. गेल्या आठवड्यात आईवर कुऱ्हाडीचा दांडा उगारला. जिल्हा रुग्णालयात नेलं तर डॉक्टर रजेवर होते, आणि जुन्या चिठ्ठीवरच्या तीन गोळ्यांपैकी एकच मिळाली. वडील नाहीत. चुलते म्हणतात, येरवड्याला टाकून या, एकदा आत गेला की सगळे सुटलो. माझं लग्न झालंय, सासरी अजून भावाबद्दल सांगितलेलं नाही. टाकू का? पाप लागेल का? आणि सरकार एवढं काय काय सांगतं, मग आमच्यापर्यंत काय येतं?
– एक बहीण, धाराशिव जिल्हा

उत्तर : आधी आजच्या रात्रीचं बोलू. पाप-पुण्य नंतर.

कुऱ्हाड, विळा, कोयता आणि फवारणीची औषधं आजच घरातून हलव. शेजारच्या घरी ठेवू नकोस, त्याचा राग त्यांच्यावरच आहे. आईनं त्याच्याबरोबर एकटीनं झोपायचं नाही. तो करणीचं बोलायला लागला की ‘असलं काही नसतं’ म्हणून वाद घालू नका, आणि ‘हो रे, करतातच ते’ म्हणून दुजोराही देऊ नका. ‘तुला झोप नाही, भीती वाटतेय, झोपेचं औषध आणू’ एवढंच बोला. हे खोटंही नाही. आपल्याला वेड लागलंय हे तो मान्य करणार नाही, पण झोप लागत नाही हे करील, आणि त्याच दोरीला धरून त्याला दवाखान्यापर्यंत आणता येईल.

१४४१६ हा नंबर आईच्या फोनमध्ये घालून ठेव. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलतात. फोनवरून भाऊ बरा होणार नाही, पण रात्री दोन वाजता आईनं काय करायचं हे सांगणारं कुणीतरी असेल. पुन्हा हात उगारला तर ११२ लाव. पोलीस बोलावले म्हणजे भावाला गुन्हेगार ठरवलं असं होत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये स्पष्ट आहे की अशा माणसाला पोलिसांनी कोठडीत ठेवायचं नाही, शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. ठाण्यातल्या हवालदाराला हे ठाऊक असेलच असं नाही. कलम १०० म्हणून सांग. कलमाचा आकडा सांगितला की समोरचा माणूस जरा सरळ बसतो, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ‘आमच्याकडे मानसोपचाराचं नाही, जिल्ह्याला न्या’ असं म्हणतील. जीवाला धोका असेल तेव्हा कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंतचे तातडीचे उपचार देऊ शकतो, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञच हवा असं नाही. हे त्याच कायद्याचं कलम ९४. रुग्णाच्या वतीनं संमती देणारं माणूस, म्हणजे तू किंवा आई, जवळ असेल तर त्याची संमती घ्यावी लागते. तेवढ्यात पुढच्या ठिकाणी हलवण्याची सोय करता येते, तीही यातच धरली आहे.

आता येरवडा.

आपल्याकडे हा शब्द गावाचं नाव राहिलेलाच नाही. पुण्याकडे ‘येरवड्याला पाठवा’ म्हणतात, मुंबईकडे ‘ठाण्याला’. दोन माणसांचं भांडण झालं की एक तरी दुसऱ्याला तिकडं धाडतोच. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: नागपूर १८६४ चं, रत्नागिरी १८८६ चं, ठाणे १९०१ चं, आणि येरवडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. मंजूर खाटा येरवड्याला २५४०, ठाण्याला १८५०, नागपूरला ९४०, रत्नागिरीला ३६५. बेरीज केलीस तर ५६९५ होतात. चारही इंग्रजांच्या काळातली, आणि बांधली तेव्हा सगळी वस्तीपासून लांब. वेड्याला गावाबाहेर ठेवायचं हाच तेव्हाचा उपचार. गाव वाढत वाढत भिंतीला येऊन टेकलं, पण आपल्या डोक्यातली भिंत आहे तिथंच आहे. तुझ्या मराठवाड्याच्या वाट्याला यातलं एकही आलं नाही. तुमच्याकडून पुणं अडीचशे किलोमीटरच्या आसपास. आई महिन्यातून किती वेळा जाऊन येईल, तूच सांग.

मी एका सरकारी मनोरुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केली. माझं मुख्य काम काय, तर बरे झालेले रुग्ण घरी पोचवणं. ऐकायला सोपं वाटतं. भरतीच्या वेळी केसपेपरवर पत्त्याचा रकाना असतो. त्या पत्त्यावर पत्र टाकायचं, महिन्याभरानं ते परत यायचं, वर पोस्टमनचा शेरा: या पत्त्यावर कोणी राहत नाही. कधी गावाचं नाव खरं आणि आडनाव भलतंच, कधी फोन नंबरातला एक आकडा बदललेला. घाईत चुकत असेल, असं पहिली एक-दोन वर्षं मला वाटायचं.

एकदा एका माणसाला घेऊन मी स्वतः एसटीनं त्याच्या गावी गेले. चांगला बरा झाला होता. वॉर्डात बाकीच्यांच्या दाढ्या करायचा, परिचरांना हिशोबात मदत करायचा. रस्ता त्यानंच दाखवला, घर त्यानंच ओळखलं. भावानं आम्हाला ओसरीवर बसवलं, चहा दिला, आणि चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, ‘हे आमच्यातले नव्हेत.’ नंतर तलाठ्याकडे चौकशी केली तेव्हा कळलं, सातबाऱ्यावर याचं नाव अजून होतं. आम्ही दोघं शेवटच्या गाडीनं परत आलो. गाडीत तो एकच वाक्य बोलला: ‘चहा मात्र वहिनीच्याच हातचा होता.’

हे तुला घाबरवायला सांगत नाही. तुमच्या आणि चुलत्यांच्या शेताचा बांध एक आहे का, हे तू लिहिलेलं नाहीस. मी विचारून ठेवते. मानसिक आजार झाला म्हणून वारसाहक्क जात नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा तसं म्हणतो. घरातल्या कुणालाही ‘तो आत आहे तोवर सही करून टाकू’ असं सुचणार असेल, तर त्याआधी हे तुझ्या कानावर असावं.

‘एकदा आत गेला की सुटलो’ हे मात्र आता कायद्यातच बसत नाही. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, आणि त्यानं नुकतंच स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा प्रयत्न केला असेल, किंवा स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल, तर त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावर भरती करता येते. दोन तज्ज्ञांनी, त्यात एक मानसोपचारतज्ज्ञ, वेगवेगळं तपासून तसं म्हणावं लागतं. ही भरती ३० दिवसांपर्यंत. त्यापुढे ठेवायचं तर पुन्हा तपासणी, आणि जिल्हा न्यायाधीशांच्या दर्जाची व्यक्ती अध्यक्ष असलेल्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची परवानगी. तुझा भाऊ आज या अटींत बसतो असं मला पत्रावरून वाटतं. आईवर दांडा उगारल्याचं डॉक्टरांना लपवू नकोस, घराण्याची अब्रू वगैरे मध्ये आणू नकोस. आणि अर्ज करणारा ‘प्रतिनिधी’ चुलताच हवा असं कुठंही लिहिलेलं नाही. आई होऊ शकते, तू होऊ शकतेस. लग्न होऊन सासरी गेलीस म्हणून तुझं नातं कायद्याला दिसत नाही असं थोडंच आहे!

पण भरतीसाठी पुणंच कशाला? सोलापूर आणि लातूर, दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि तिथं मानसोपचार विभाग असतो. शक्य असेल तर आधी तिथं जा. दोन-तीन आठवडे तिथल्या वॉर्डात, आई किंवा तू उशाशी, आणि मग घर. मनोरुग्णालयाच्या फाटकातून न गेलेल्या माणसाला गाव परत घ्यायला जरा कमी कुरकुर करतं. हे बरोबर नाही, पण आहे. तिथं खाट नसेल किंवा ते पुण्याला पाठवतो म्हणाले, तर जा, घाबरू नकोस. आतले लोक राक्षस नाहीत. मी ज्या परिचरांबरोबर काम केलं त्यांतल्या काहींनी स्वतःच्या डब्यातली भाजी रुग्णांना दिलेली मी पाहिली आहे, आणि काहींनी हात उचललेलाही पाहिला आहे. एका पाळीला साठ माणसांमागे दोन परिचर असतील तर दोन्ही गोष्टी एकाच वॉर्डात घडतात.

सरकार काय करतं, असं तू विचारतेस. कागदावर पुष्कळ करतं, आणि हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. कागद चांगला आहे म्हणून तर भांडता येतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ ला सुरू झाला. त्यामागचा विचार अगदी साधा: माणसाला मनोरुग्णालयात नेण्याऐवजी गोळी माणसाच्या तालुक्यात न्यायची. मराठवाडा-विदर्भाच्या शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांसाठी राज्यानं २०१५ मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ काढला, आशाताई घरोघर जाऊन विचारपूस करू लागल्या. नागपूरच्या मनोरुग्णालयात टाटा ट्रस्ट्सबरोबर ‘उडान’ नावानं काम उभं राहिलं. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार निःशुल्क झाले.

मग अडतं कुठं? माणसांत आणि गोळ्यांत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशात लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ ०.७५ निघाले, म्हणजे एकही पुरता नाही. (२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यं होती, त्यांत महाराष्ट्र नव्हता. आपण किती आजारी आहोत हे आपल्याला शेजाऱ्यांच्या आकड्यांवरून ताडावं लागतं.) जिल्ह्याच्या ठिकाणी एक डॉक्टर असतो, तो रजेवर गेला की जिल्ह्याचा मानसोपचार रजेवर. जिल्हा कार्यक्रमाच्या पथकातली बरीच पदं कंत्राटी. समुपदेशक मुलगी गावोगाव फिरून लोकांचा विश्वास मिळवते, तोवर तिचं कंत्राट संपतं किंवा तिला बरी नोकरी लागते. नवीन येते ती पहिल्यापासून सुरू करते. आशाताई आजार ओळखतात, चिठ्ठी देतात, पण चिठ्ठी घेऊन माणूस जिथं पोचतो तिथं तीनांतली एक गोळी. तुझ्या भावाचं नेमकं हेच झालं.

आणि बरं झाल्यावर? २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आपल्या राज्याला सुनावलं की बरे झालेले रुग्ण भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवणं थांबवा. विचार कर, बऱ्या झालेल्या माणसाला ठेवायला आपल्याला भिक्षेकरी गृह सुचलं. २०१७ च्या कायद्याच्या कलम १९ मध्ये तर म्हटलंय की घरच्यांनी घेतलं नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणानं कुणाला मनोरुग्णालयात डांबून ठेवायचं नाही. त्यांच्यासाठी वस्तीतच राहायची सोय सरकारनं करायची. रत्नागिरीला ‘द बॅनियन’ संस्थेनं मनोरुग्णालयातून बाहेर आलेल्यांना चार-पाच जणांच्या साध्या भाड्याच्या घरात राहायची व्यवस्था लावली. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून देशभरातल्या त्यांच्या घरी पोचवते. २०१८ चा मॅगसेसे त्यांना त्याच कामासाठी मिळाला. हे होतं, म्हणजे करता येतं. पण एका संस्थेच्या चार घरांवर राज्य चालत नाही.

मनोरुग्णालयं बंद करून टाका म्हणणारे मला सभासंमेलनांत भेटतात. मला ते पटत नाही. तालुक्याला गोळी नसताना भिंती पाडल्या तर ती माणसं घरी जाणार नाहीत, एसटी स्टँडवर जातील. आधी तालुका, मग भिंत.

म्हणून तुझं खरं काम भावाच्या भरतीनंतर सुरू होतं. भरती हा त्यातला सोपा भाग, तीस दिवसांचा. एकतिसाव्या दिवसापासूनची गोळी कुठून येणार, हे आत असतानाच ठरवायचं. वॉर्डातून सुटताना डॉक्टरांना तीन गोष्टी विचार. एक, सरकारी यादीतल्या औषधांवर याला ठेवता येईल का? खासगी चिठ्ठीवरची महागडी गोळी आणि सरकारी पुरवठ्यातली गोळी यांत पुष्कळदा कंपनीचाच फरक असतो. दुसरं, महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन याला चालेल का? गोळ्या टाळणाऱ्या किंवा वेळेवर न मिळणाऱ्या रुग्णांना त्याचा फार उपयोग होतो. आणि तिसरं, औषधानं सुस्ती, थरथर, वजन यांतलं काही होतं का, हे भावाला स्वतःला विचारायला सांग. पुरुष माणूस बहिणीपाशी बोलणार नाही असा त्रासही या गोळ्यांचा असतो. सोयाबीनचे पैसे आले नाहीत हे खरं असेल, पण आठ वर्षांत गोळी एकदाच सुटली असं होत नाही.

मग तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा. त्याच कायद्याच्या कलम १८ प्रमाणे, अत्यावश्यक यादीतली मानसोपचाराची औषधं ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर सगळीकडे, सगळा वेळ, मोफत मिळायला हवीत. ‘सगळा वेळ’ हे शब्द कायद्यात आहेत. नाहीत म्हणाले तर चिठ्ठीवरच ‘औषध उपलब्ध नाही’ असं लिहून, सही आणि तारीख मागून घे. लिहून देणार नाहीत. तू मागत राहा, निदान गोळी शोधायला तरी उठतील. त्यानंतर वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार, उत्तर नाही आलं तर पुनर्विलोकन मंडळाकडे. आणि दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीचा अधिकार टाक: गेल्या वर्षभरात मानसोपचाराची कोणती औषधं किती दिवस शिल्लक नव्हती? अर्जावर एकटीची सही नको. तुझ्या तालुक्यात असा आजार असलेली वीस-पंचवीस घरं तरी सापडतील, आशाताईंना ती सगळी माहीत असतात. चार घरांनी मिळून अर्ज दिला की तो फायलीत तळाला जात नाही.

भाऊ शांत झाला की त्याचा दिव्यांगत्वाचा दाखला काढा. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजारही त्यात आहे. ४० टक्के किंवा जास्त निघालं तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला करता येतो. हे झटपट होत नाही, खेटे पडतात, पण त्या पैशांत महिन्याचं एसटी भाडं निघतं.

त्याच सुमारास त्याच्याकडून एक कागदही लिहून घ्या. पुढं आजार उलटला तर कोणते उपचार द्यावेत, कोणते नकोत, आणि माझ्या वतीनं कोण बोलेल, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क त्याला आहे. तो शुद्धीवर असताना त्याच्या मतानं, त्याच्या सहीनं. तिथं त्यानं तुझं नाव घातलं तर पुढच्या वेळी चुलत्यांचा प्रश्नच येणार नाही.

गावातलं कुणी अंगारे-धुपारे करणाऱ्याकडे न्यायला सांगेल. आईचा जीव राहत नसेल तर तिला देवाला नारळ ठेवू दे, गोळी चालू असताना नारळानं काही बिघडत नाही. मात्र भूत उतरवायच्या नावाखाली कुणी बांधलं, मारलं, साखळी घातली तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. आणि ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठव.

सासरचं. आधी नवऱ्याला सांग, सासूला नंतर. ‘माझ्यापासून लपवलंस’ असं तो म्हणेल, आणि त्याचं म्हणणं खरं असेल. तेवढं ऐकून घे. पण सोलापूरच्या वॉर्डात पंधरा दिवस भावाच्या उशाशी बसायचं तर त्याचं कारण घरी खोटं सांगत बसू नकोस. ती चिंता आणि भावाची चिंता, दोन्ही एकदम तुझ्यानं निभणार नाहीत.

पापाचं विचारलंस. भरती केल्याचं पाप नाही. माझ्याकडे परत आलेली पत्रं भरती करणाऱ्यांची नव्हती, नंतर कधीच न आलेल्यांची होती.

भरतीच्या दिवशी केसपेपर तू स्वतःच्या हातानं भर. चुलते म्हणतील, आण इकडं, मी लिहितो. देऊ नकोस. गाव, वाडी, पोस्ट, तालुका, ग्रामपंचायतीजवळची खूण. आईचा नंबर. दुसऱ्या नंबराला त्या कागदावर सहसा जागा नसते. समासात आडवा लिही, तुझा.